निपाणीकर सरांची संते

निपाणीकर सर मला आधी ऐकू आले, दिसले नंतर. हुबळीत विद्यानगरच्या ज्या पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजात मी हिंदी शिकवायला लागले, तिथल्या जुन्या इमारतीत दोन वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती, लाकडी पार्टिशन होतं. माझा पहिलाच तास. फळ्यावर कवितेच्या दोन ओळी लिहून मी वळते ना वळते, तोच पलीकडं असा काही गलका उठला की मला वाटलं, मारामारी जुंपली. पार्टिशन थरथरत होतं. माझी मुलं मात्र निवांत बसलेली. पुढच्या बाकावरच्या एकानं माझी कीव येऊन सांगितलं, "संते री मॅडम. इकनॉमिक्स."

संते म्हणजे आठवड्याचा बाजार, हे मला सांगायची गरज नव्हती. माझं गाव अळणावरकडचं, आमच्या मराठी घरातसुद्धा बाजाराला संतेच म्हणतात. पण कॉलेजच्या तासाला संते? मी तरातरा गेले आणि शेजारचं दार ढकललं. अर्धा वर्ग बाकांवर उभा. एक मुलगी हातात पेरू धरून "पेरल हण्ण! पेरल हण्ण!" म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडत होती. चारपाच जण तिच्याशी हुज्जत घालत होते. आणि मास्तर? पांढऱ्या बुशशर्टातला एक किडकिडीत माणूस वर्गाकडं पाठ करून, फळ्याकडं तोंड करून, डोळे मिटून उभा होता. मी "सर—" म्हटलं तशी डोळे न उघडता त्यांनी बोट वर केलं. "थांबा हो मॅडम. भाव ठरालाय."

आणि खरंच, गोंगाट हळूहळू विरळ होत गेला. कोपऱ्यात शेवटची एक घासाघीस चालली होती, तीही थांबली. सरांनी डोळे उघडले, फळ्यावर एक आकडा लिहिला आणि वर्गाकडं वळून कन्नडमध्ये म्हणाले, "बघा. मी कुणाला गप्प बसा म्हटलं? ज्याला घ्यायचं होतं त्यानं घेतलं, ज्याला विकायचं होतं त्यानं विकलं. आता ओरडायला कारणच उरलं नाही. ह्यालाच पुस्तकात समतोल किंमत म्हणतात." मग माझ्याकडं वळून मराठीत, "हं, आता बोला मॅडम. तक्रार काय होती?" तक्रार मी विसरून गेले होते. जाताना त्यांनी मला तिखटमीठ लावलेली पेरूची फोड दिली.

सरांचं घराणं मूळ निपाणीकडचं, आजोबांपासून हुबळीच्या बाजारात कापडाचं दुकान. घराण्यात मास्तर झालेले हे एकटेच. सरांचे भाऊ म्हणायचे, "वसंताला गल्ल्यावर बसवला तर गिऱ्हाईकाला शिकवत बसेल, कापड तसंच राहील." पण दुकान सरांच्या अंगातून गेलेलं नव्हतं. दर रविवारी ते धारवाडला जायचे, सुभाष रोडच्या बाजारातून पेरू नाहीतर जो काही हंगाम असेल तो माल पिशवीत घालून आणायचे. पैसे म्हणून चिंचोके. अर्ध्या वर्गाला विकणारे करायचं, अर्ध्याला घेणारे. कमीत कमी कितीला द्यायचं आणि जास्तीत जास्त कितीला घ्यायचं हे प्रत्येकाच्या कानात वेगळं सांगायचं, आणि द्यायचं सोडून. आर्ट्सला येणारी पोरं म्हणजे सायन्सनं घेतलं नाही आणि कॉमर्सनं नाकारलं अशी. कुणाचा बाप हमाल, कुणाची आई भाजी विकणारी. अशा पोरांना इकनॉमिक्समध्ये चांगले मार्क पडायचे. इतिहासात गचकलेली पोरंसुद्धा इकनॉमिक्सला तरून जायची.

एकदा आम्हा सगळ्यांना वर्गव्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला बसवलं. बंगळूरहून एक तज्ज्ञ आले होते. पडद्यावर चित्रं दाखवत त्यांनी सांगितलं की उत्तम वर्ग तो, ज्यात टाचणी पडली तरी ऐकू येते. निपाणीकर सर उठले. अगदी नम्रपणे म्हणाले, "साहेब, तुमच्या घरी लग्नकार्य निघालं तर टाचणी ऐकू येते काय हो?" सगळे हसले. साहेबही हसले, पण तेवढंच. बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "मॅडम, डोळ्याला हलणारं पोरगं दिसतं. गप्प पोरगं फक्त कानाला कळतं. बाजारात गप्प कोण असतं? ज्याला काही घ्यायचं नाही आणि काही विकायचं नाही तो. तसलं पोरगं शोधून काढायचं, बाकीची आपोआप शिकतात." डोळे मिटून उभं राहायचं ते एवढ्यासाठी. साठ पोरांच्या गदारोळात कुठला आवाज नाही, हे त्यांना ऐकू यायचं. मला आजही हे नीट समजलेलं नाही, पण मी ते पाहिलेलं आहे.

रेणुका त्यांना अशीच सापडली. ती माझ्याच गावची. बाप लाकडाच्या वखारीत हमाली करायचा. दहावी झाल्यावर तिला घरी बसवणार होते, मी मध्ये पडले. बाप मला म्हणाला, "बाई, दोन वर्सं देतो तुमच्या शब्दाखातर. पास झाली तर डिग्री करू दे. नापास झाली तर मावशीबरोबर कारखान्याला जाईल कपडे शिवायला. मग तुम्ही कायबी बोलायचं न्हाई." मी हो म्हटलं. रेणुका सकाळच्या गाडीनं यायची. घरात मराठी, शाळा कन्नड. बोलायची कन्नड तिला छान यायची, पण पुस्तकातली जड कन्नड तिच्या डोक्यावरून जायची आणि लाजेनं तोंडाला कुलूप. दोन महिने ती वर्गात चकार शब्द बोलली नव्हती.

एका संतेत सरांनी डोळे उघडले, सरळ तिच्या बाकापाशी गेले आणि धाकट्या बहिणीला हाक मारावी तसं मराठीत विचारलं, "तंगी, तुमच्याकडं काय पिकतं गं?" तिनं खाली मान घालून सांगितलं, "रताळी." पुढच्या सोमवारी सरांच्या पिशवीत रताळी. विकणारी दोघंच, रेणुका आणि तिच्यासमोर दुसरा एक पोरगा, त्याच्याकडंही रताळीच. त्यानं ओरडून गिऱ्हाईकं ओढायला सुरुवात केली. रेणुका पुटपुटत राहिली. तिची रताळी पडून राहणार असं दिसायला लागलं, तेव्हा पार्टिशनच्या अलीकडं मला एक आवाज ऐकू आला. कधी न ऐकलेला आणि चांगलाच खणखणीत, आणि तोही मराठीत. "माझी गोड हायत! त्याची बघा, किडकी हायत!" वर्ग खदाखदा हसला. सर म्हणाले, "हसू नका. मालाचा दर्जा वेगळा, तर भाव वेगळा. लिहून घ्या." त्या वर्षी फर्स्ट पीयूला रेणुका बाकी विषयांत काठावर आणि इकनॉमिक्समध्ये वर्गात दुसरी. बाप मला रस्त्यात भेटला तर हात जोडून गेला. मला कोण आनंद झाला होता.

सेकंड पीयू सुरू झालं आणि पार्टिशनच्या अलीकडून मला पहिल्यांदा जाणवलं की काहीतरी चुकतंय. पलीकडं बाजार ऐन भरात होता, पोरं ओरडत होती, आणि त्या गोंगाटात सर शांतपणे म्हणाले, "हं. झालं. भाव ठरला." माझ्या हातातला खडू थांबला. क्षणभर पलीकडची पोरंही गोंधळली. मग एकजण चिरकला, "सरगे केळसंगिल्ल ले!" सरांना ऐकू येत नाही रे! हे मी ऐकलं, माझ्या वर्गानं ऐकलं. सरांनी ऐकलं नाही. ते फळ्यावर आकडा लिहीत असणार.

पोरं वाईट नसतात. पण पोरं पोरं असतात. दुसऱ्या दिवसापासून कुणी म्हशीसारखं रेकलं, कुणी सिनेमाचं गाणं म्हटलं, कुणी सरांच्या आवाजात "भाव ठरालाय, भाव ठरालाय" सुरू केलं. घेणारं कुणी नव्हतं आणि विकणारं कुणी नव्हतं, त्यामुळं तो गोंगाट थांबायला काही कारणच नव्हतं. तो तास संपेपर्यंत चालायचा. रेणुका त्या गोंगाटात बसून असायची. एका शनिवारी मी गावी चालले होते, तर गाडीत मला म्हणाली, "बाई, मी वरडून सांगतो की भाव अजून ठरला न्हाई. पण सर माझ्याकडं बघतच न्हाईत, फळ्याकडं बघत्यात." आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, 'सांगतो', 'गेलो'. मी त्यावरून तिला नेहमी चिडवायची, त्या दिवशी चिडवलं नाही.

एकदा न राहवून मी तडक त्या वर्गात गेले. मला बघून वर्ग चिडीचूप. सर वळले, शांत वर्ग पाहिला, दारात मला पाहिलं आणि हसून म्हणाले, "काय मॅडम, खडू पाहिजे?" आता काय सांगायचं? पोरांसमोर सांगायचं, की सर, ही पोरं तुमची टिंगल करतायत? मी म्हटलं, "हो सर." खडू घेऊन परत आले. दार लागलं तसं पलीकडं पुन्हा रेकणं सुरू झालं. मी माझ्या मुलांना धडा वाचायला सांगितला आणि खुर्चीत बसून राहिले.

पण माणूस बाजारातला होता, फसवणं सोपं नव्हतं. आठवडाभरानं स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नाही असं बघून ते माझ्यासमोर येऊन बसले.

"मॅडम, खरं सांगा. पार्टिशनच्या तिकडं तुम्हाला काय ऐकू येतंय?"

मी मोठ्यानं, सावकाश म्हटलं, "सगळं, सर."

"मला काय नाही," ते म्हणाले. "पोरांची तोंडं हलालीत, एवढं दिसतंय. आधी वाटलं, पोरंच हळू बोलालीत." मग थोडं हसले. "काय म्हणतात हो मला?"

"म्हशीचा आवाज काढतात."

"चांगला काढतात काय?"

मला हसूही आलं आणि रडूही आलं. त्यांनी माझ्या टेबलावर बोटांनी ठोका दिला आणि ते उठून गेले.

पुढं व्हायचं ते झालं. पालकांची तक्रार गेली. प्रिन्सिपॉलनी वर्गावर्गात कॅमेरे बसवले होते, त्यांनी चित्र बघितलं. त्यांना मी दोष देत नाही. बोर्डाचा रिझल्ट घसरला तर त्यांना वर उत्तर द्यावं लागतं. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, वर्ग शांत ठेवा, नाहीतर सेकंड पीयू गेस्ट लेक्चररकडं देतो, तुम्ही लायब्ररी बघा, निवृत्तीला आता किती दिवस राहिलेत. सरांनी मुकाट्यानं बंगळूरच्या लेकीला फोन लावला. रविवारी लेक येऊन कानाला मशीन बसवून गेली.

मशीन लावून सर आले त्या सोमवारी मी माझ्या वर्गाला मुद्दाम लेखी काम दिलं आणि कान पार्टिशनला लावला. सर उत्साहात होते. पिशवीत द्राक्षं होती. "हं, होऊ द्या सुरू!" बाजार भरला. मिनिटभरही गेलं नसेल, तोच खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि मग सरांचा. तो आवाज मी ओळखलाच नाही. "गप्प बसा! सगळे गप्प बसा!"

नंतर त्यांनी मला समजावून सांगितलं. मशीनला माणूस कळत नाही. पंख्याचा खडखडाट, बाक सरकल्याचा आवाज, रस्त्यावरच्या बसचा हॉर्न, साठ पोरांचं ओरडणं, सगळं एकाच मापानं डोक्यात घुसतं. "आधी मला साठ आवाज वेगळे ऐकू यायचे. मग एकही ऐकू येईना. आता साठ मिळून एकच मोठा आवाज येतो, मॅडम, आणि तो टाळक्यात बसतो. ह्यात भाव कुठं ठरालाय, कोण गप्प आहे, मला कळतच नाही." शांतता असली की मात्र मशीन झकास चालायचं. एक पोरगं उभं राहून बोललं तर शब्द न् शब्द ऐकू यायचा. म्हणजे वर्ग शांत ठेवला तरच सरांना शिकवता येणार होतं, आणि संतेशिवाय त्यांना काय शिकवायचं ते येत नव्हतं.

त्यांनी करून बघितलं नाही असं नाही. फक्त चौघांची संते भरवून बघितली. बाकीची पोरं जांभया देत बसली. हात वर करून भाव सांगायला लावले, चिठ्ठ्यांवर भाव लिहायला लावले. "चिठ्ठीवर कुणी घासाघीस करतंय काय?" ते मला म्हणाले. "चिठ्ठी म्हणजे निवडणूक झाली, बाजार नाही." शेवटी त्यांनी पुस्तक उघडलं आणि व्याख्या सांगून उतरवून घ्यायला सुरुवात केली. पार्टिशनच्या पलीकडं आता फक्त त्यांचा एकट्याचा आवाज. मला शिकवणं सोपं गेलं असतं, पण माझंच लक्ष लागेना. पोरांनीही टिंगल बंद केली होती. सर रागावले ह्याचा त्यांना धक्का बसला होता, ती बिचारी टाचणीसुद्धा पडू देत नव्हती. पुढच्या मीटिंगमध्ये प्रिन्सिपॉल म्हणाले, "शिस्त कशी असावी ते निपाणीकर सरांच्या वर्गात जाऊन बघा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी कानातलं मशीन काढून हातात घेतलं आणि टाळ्या संपेपर्यंत तसंच धरून बसले.

ज्यांना पाठांतर येतं त्यांचं काही बिघडलं नाही. रेणुकाचं बिघडलं. पुस्तकातल्या कन्नडमधली व्याख्या ती रात्रंदिवस घोकायची आणि दुसऱ्या ओळीत अडकायची. प्रिपरेटरीला, म्हणजे बोर्डाआधीच्या सराव परीक्षेला, ती इकनॉमिक्समध्ये नापास झाली. सरांनी तिला उभं करून विचारलं, "पेरूचं पीक जास्त आलं तर काय होईल?" गेल्या वर्षी हे तिनं झोपेतसुद्धा सांगितलं असतं. ती उभी राहून त्या शांत वर्गात सगळीकडं बघत राहिली आणि खाली बसली. सर घरी जाताना मला म्हणाले, "तुमची पोरगी परत गप्प झाली हो. आणि ह्या वेळी मीच गप्प केली."

बोर्डाचा निकाल आला. कॉलेजचा चांगला लागला, इकनॉमिक्सचाही चांगला लागला. रेणुका तेवढ्या एका विषयात राहिली. त्याच महिन्यात सर निवृत्त झाले आणि उणकलच्या तळ्याजवळ नवीन झालेल्या एका बिल्डिंगमध्ये राहायला गेले. मी रेणुकाच्या बापाच्या हातापाया पडून सप्लिमेंटरीपर्यंतची मुदत मागितली. सर म्हणाले, पोरीला घेऊन या, मी बघतो.

त्या शिकवणीची आठवण झाली की अजून माझा जीव खालीवर होतो. एका बाजूला सर. मशीन त्यांनी टेबलाच्या खणात टाकलेलं. लेक येऊन भांडली, मी भांडले, पण एकच उत्तर: "त्यानं माझा वर्ग खाल्ला. ते घरात नको." दुसऱ्या बाजूला रेणुका. तिला सगळं येत होतं. समोरासमोर, मराठीत, रताळ्यांचं आणि पेरूंचं उदाहरण दिलं की घडाघडा यायचं. पण ती सांगायची तोंडातल्या तोंडात, मान खाली घालून. सर कानामागं हात धरून म्हणायचे, "काय? मोठ्यानं सांग." ती आणखी लाजायची. मी चिडून म्हटलं, "अगं, वर्गात कशी ओरडायचीस? ओरड की!" तर डोळे मोठे करून म्हणते, "तवा सगळी वरडत होती, बाई. आता सरांच्या अंगावर एकटी वरडू व्हय मी?"

तिचंही चूक नव्हतं. आमच्याकडं मोठ्या माणसासमोर आवाज चढवणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखं. बापासमोर ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती, सरांसमोर काय बोलणार? मग दोघांच्या मध्ये मी बसायची. ती हळूच सांगायची, "पुरवठा वाढला की भाव पडतो." मी सरांच्या कानाशी ओरडायची, "पुरवठा वाढला की भाव पडतो!" सर मला म्हणायचे, "बरोबर, पण तुम्ही नका सांगू, तिला सांगू दे." मी ओरडून सांगायची, "तिनंच सांगितलं सर!" सर माझ्याकडं संशयानं बघायचे. त्यांना वाटायचं, मी तिची बाजू घेऊन थापा मारतेय. मी हिंदीची मास्तरीण, मला इकनॉमिक्स कुठून येणार, हे त्यांच्या लक्षात यायचं नाही. शेजारची बाई एकदा येऊन विचारून गेली, भांडण झालंय का म्हणून. रेणुका तोंडावर ओढणी धरून हसत होती. आम्ही तिघंही हसलो. मला वाटलं, निघेल हीसुद्धा.

ती परत नापास झाली. "पेपर बघितला बाई, आणि हॉलमध्ये इतकं शांत होतं, मला कायबी आठवलं न्हाई," एवढंच म्हणाली. सरांना मी फोनवर सांगू शकत नव्हते, घरी जाऊन कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. बापानं शब्द दिल्याप्रमाणं दोन वर्षं दिली होती आणि वर मुदतही दिली होती. मी कायबी बोलायचं नाही असं ठरलं होतं, मी बोलले नाही. रेणुका मावशीबरोबर कारखान्याला जायला लागली.

काही महिन्यांनी, एका रविवारी, ती माझ्या दारात उभी. "बाई, सरांना भेटायचं हाय." अंगानं वाळली होती, पण डोळ्यात भीड राहिली नव्हती. आम्ही उणकलला गेलो. सर गॅलरीत पेपर वाचत होते. तिनं पाया पडून विचारलं, "कसं हायसा सर?" आणि मी दचकलेच. केवढा आवाज! खाली पार्किंगमधल्या वॉचमननं वर बघितलं. सरांनी पेपर खाली ठेवला. कानामागं हात न नेता म्हणाले, "बरा आहे गं. तू कशी आहेस?"

कारखान्यात शेकडो मशीनं चालतात, शेजारणीशी बोलायचं तरी ओरडावं लागतं, तिला आता हळू बोलता येत नव्हतं. ती सांगत गेली आणि सरांना शब्द न् शब्द ऐकू येत होता. माझं तिथं काही काम नव्हतं. ती म्हणाली, "सकाळी गेटवर लई पोरी असत्यात सर. कलघटगीच्या, अळणावरच्या, कुठल्या कुठल्या. म्हणून पगार वाढवत न्हाईत. एक गेली तर दुसरी उभीच हाय. पण दिवाळीला पोरी गावाला जात्यात, गेट मोकळं पडतं. तवा मॅनेजर गोड बोलतो, जादा देतो, चहा पण देतो! दिवाळी सरली की परत गेटभर पोरी. चहा बंद."

सर खुर्चीत पुढं सरकले. पूर्वी फळ्याजवळ उभे राहायचे तेव्हा जसे व्हायचे तसा त्यांचा चेहरा झाला. "मागणी कुणाची?"

"मालकाची."

"पुरवठा?"

"आमीच की सर!" ती म्हणाली, आणि उत्तर बरोबर आलंय हे कळून हसली.

सर हसले नाहीत. "बरोबर आहे गं," म्हणाले, "सगळं बरोबर आहे," आणि माझ्याकडं बघायला लागले. हेच तिनं पेपरात लिहिलं असतं तर ती त्या गेटवर उभीच राहिली नसती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. रेणुका मोठ्यानं सांगत होती की सोमवारची पहिली शिफ्ट आहे, शेवटची बस चुकायला नको. मी तिला स्टॉपपर्यंत सोडायला उठले.